प्रत्येक खुर्चीची आई वेगळी

पहिलेच सांगून ठेवते, मी चिडकी नाही. प्रेसमध्ये कोणाले विचाराल तर वेगळंच ऐकायले मिळेल, माझा नवरा तर हात जोडून सांगेल, पण त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. मी फक्त मोठ्यानं बोलते. छपाईच्या मशीनच्या धडधडीत आयुष्य काढा आणि मग हळू बोलून दाखवा, मी तुमच्या पाया पडीन.

आमची प्रेस नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत आहे. गल्ली इतकी बारीक की कागदाचा टेम्पो आला की समोरच्या पापडवाल्याले आपलं दुकान आत ओढावं लागते. खाली छपाईचं मशीन, प्लेट काढायचं मशीन आणि माझे सासरे देवराव. वर मी, आमची पोरगी दीक्षा आणि खिडकीपाशी माझ्या सासूबाई. माझा नवरा अश्विन खाली बसते, म्हणजे त्याची खुर्ची खाली आहे. तो स्वतः अर्धा दिवस जिन्यातच असते. त्याचं नाव मी तुमच्यासमोर घेतलं, घरात नाही घेत. घरात तो ‘अहो’ आहे.

अश्विनचा लहान भाऊ अंकुश हिंगण्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते आणि सुट्टीच्या दिवशी येऊन आमचे बिघडवते. हे मी त्याच्या तोंडावर म्हणते आणि तो हसते. चांगला आहे पोरगा. प्रेसमधले सगळे कॉम्प्युटर त्यानंच लिनक्सवर टाकले. लिनक्स म्हणजे युनिक्सच्या घराण्यातलं, फुकट मिळते आणि सहसा बंद पडत नाही. सगळ्यांच्या फायली एका मोठ्या डब्यात राहतात, त्याले सर्व्हर म्हणतात. तो डबा सासूबाईंच्या खिडकीखाली ठेवला, कारण तिथं वारा येते. त्याच्यावर सासूबाईंचा पानाचा डबा असते. अंकुशनं खूप सांगून पाहिलं, पण पानाचा डबा हलला नाही.

आता या कॉम्प्युटरले, आम्ही त्यालेही मशीनच म्हणतो, एकमेकांकडं जायचं असलं की पत्ता लागते, चार आकडे आणि मधात टिंबं. तसले आकडे कोण ध्यानात ठेवते? म्हणून प्रत्येक मशीनच्या पोटात एक छोटी फाईल असते, होस्ट्स नावाची. एका बाजूले आकडे, दुसऱ्या बाजूले नाव. आपण नाव टाइप केलं की मशीन त्या फाईलीत पाहते, आकडे शोधते आणि तिथं जाऊन पोचते. “नाव काय ठेवायचं ते ज्याचं त्यानं ठरवा,” अंकुश म्हणाला, “आपल्या मशीनवर आपल्याले सोपं जाईल ते लिहा.” आम्ही लिहिलं. समोरच्या खुर्चीवर जो बसते त्याले आपण जे म्हणतो तेच त्याच्या मशीनचं नाव. आमच्याकडं मोठ्या माणसाचं नाव घ्यायची पद्धत नाही, नातं घ्यायची आहे. कोणालेच त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता सासूबाईंचं सांगते, कारण ही गोष्ट त्यांचीच आहे.

सासूबाई गाणी रचतात. उमरेडच्या विणकराची लेक. बापाच्या मागाजवळ बसून सुताच्या कांड्या भरता भरता जे सुचलं ते गुणगुणायच्या, आणि मग लग्नात, बारशात, जयंतीच्या कार्यक्रमात तेच म्हणायच्या. रचणाऱ्यानं शेवटच्या ओळीत आपलं नाव घालायची रीत असते ना, तिथं त्या ‘बाई म्हणे’ असं घालायच्या. कुठली बाई, कोणाची बाई, काही पत्ता नाही. गाणी मात्र गावोगाव गेली. मागच्या साली एका लग्नात एक परकी बाई त्यांचंच गाणं त्यांच्यासमोर म्हणून गेली आणि वरून म्हणते कशी, “जुनं आहे, कोणाचं आहे कोण जाणे!” सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. मी उठून सांगणारच होती, तर त्यांनी माझा पदर धरून मले खाली बसवलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी भांडी आपटत होती तेव्हा दीक्षा म्हणाली, “आई, आपण लोकाईची पुस्तकं छापतो. आजीचं काहून नाही छापत?”

खरंच, काहून नाही? दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाले आम्ही दीक्षाभूमीवर पुस्तकांचा स्टॉल लावतो. लोक कुठून कुठून येतात, डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, आणि परत जाताना हातात पुस्तकं. दुसऱ्यांची इतकी विकली, यंदा घरचं एक ठेवायचं ठरलं. पहिली जुळणी मी केली, सासूबाईंनी म्हटलं तसं, शेवटी ‘बाई म्हणे’ घालून. ती सर्व्हरवर ठेवली. मग दुरुस्त्यांसाठी दीक्षानं तिची नक्कल आपल्या मशीनवर घेतली.

दीक्षा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाले आहे आणि प्रश्न विचारल्याशिवाय तिले जेवण पचत नाही. तिनं विचारलं, “आजी, ही बाई कोण आहे वं?”

“कोणी बी असन,” सासूबाई म्हणाल्या.

“कोणी बी नाही. तू आहेस.”

सासूबाईंनी अडकित्ता हाती घेतला आणि सुपारी कातरायले लागल्या. दोन दिवस तसेच गेले. मग एकदा चहा पिता पिता कप खाली ठेवून एकदम म्हणाल्या, “लिही. कांता म्हणे.”

“सगळ्या गाण्यांत?”

“मंग? सगळी माहीच हायेत ना.”

असं म्हणून त्या नव्या नवरीसारख्या लाजल्या. दीक्षानं एकेक गाणं घेऊन शेवटची ओळ बदलली आणि स्क्रीनवर दाखवली. सासूबाई चौथीपर्यंत शिकल्या आहेत, बोट ठेवून वाचतात. त्यांचं ते उमरेडचं गाणं त्यांनी मोठ्यानं वाचलं:

बाप मागावर बसे, मी भरू लागे कांडी,
एक धागा तुटला, बाप हसून सांधी.
कांता म्हणे, पोरीच्या हाती द्या पाटी,
लांब आपला धागा, पडो कितीही गाठी.

वाचून झाल्यावर त्यांनी स्क्रीनवरून हात फिरवला. स्क्रीनले डाग पडला, पण त्या दिवशी मी काही बोलली नाही. पाहा, मी चिडकी नाही.

अंकुशनं आमच्यासाठी दोन छोटे हुकूम लिहून दिले होते. फाईल तयार झाली की वरून ‘पाठव’ टाइप करायचं, ती सर्व्हरच्या ‘फायनल’ कपाटात, म्हणजे फोल्डरात, जाऊन बसते; माझी पहिली जुळणीही अशीच गेली होती. खालून अश्विन ‘आण’ टाइप करते, फाईल तिकडं येते आणि प्लेट निघते. हे हुकूम अंकुशनं प्रेसमधल्या आपल्या मशीनवर लिहिले आणि जसेच्या तसे सगळ्या मशीनवर उतरवले. कपाटही सगळ्या मशीनवर सारखंच करून ठेवलं. दीक्षानं पहिल्यांदाच ‘पाठव’ केलं, मशीन ‘झालं’ म्हणालं, आणि ती मैत्रिणींसोबत तर्री पोहे खायले निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी छपाई लावली. संध्याकाळी ताराचंद बायंडर टेम्पो घेऊन येणार होता. सणाच्या तोंडावर त्याच्याकडं अख्ख्या नागपूरची पुस्तकं पडलेली असतात; आज माल नाही दिला तर दीक्षाभूमीवर पुस्तक नाही, इतकी साधी गोष्ट होती. अंकुशनंही सुट्टी काढली होती. सासूबाई पांढरं कडक इस्त्रीचं पातळ नेसून खाली आल्या. सासऱ्यांनी मशीनमधून निघालेला पहिला कागद वाळवून, दोन्ही हातांनी धरून त्यांच्या पुढं केला.

“घे, अश्विनची माय,” ते म्हणाले. ते त्यांले असंच म्हणतात.

सासूबाईंनी बोट ठेवून वाचलं. एक गाणं वाचलं, मग दुसरं. मग कागदाची घडी केली, म्हणाल्या, “चांगलं छापलं,” आणि जिना चढून वर निघून गेल्या.

मले ते ‘चांगलं’ काही बरं वाटलं नाही. मी मागोमाग गेली. त्या खिडकीपाशी बसून सुपारी कातरून राहिल्या होत्या आणि अडकित्त्याकडं पाहत नव्हत्या.

“आई, काय झालं?”

“काही नाही वं. बाई बी बरीच हाये. पोराले बरं वाटलं नसन, मायचं नाव असं उघडं बाजारात... जाऊ दे.”

मी घडी उलगडली. बाई म्हणे. पुढच्या गाण्यात, बाई म्हणे. त्याच्या पुढं, बाई म्हणे. मायबाई! माझं डोस्कंच फिरलं.

“अहो!” मी अशी ओरडली की खाली मशीन बंद झालं. “वर या! सगळे वर या!”

अश्विन धावत आला, मागोमाग अंकुश आणि दीक्षा; सासरे खाली मशीनपाशीच राहिले. मी कागद त्याच्या नाकापुढं धरला. “यात कोणाचा हात लागला?”

“मी कशाले हात लावू? सर्व्हरवर जे होतं ते आणलं!”

“दीक्षा!”

“आई, शप्पथ, मी कालच पाठवली. मशीन झालं म्हणालं.”

“पाठवली असती तर आली नसती काय?” अश्विन म्हणाला. “पोह्यांच्या घाईत राहून गेलं असन.”

दीक्षाचे डोळे भरले. मधात अंकुश म्हणते, “वहिनी, सिस्टिममध्ये गडबड असूच शकत नाही.”

“तुमची सिस्टिम घाला चुलीत, भाऊजी!”

दीक्षानं रागारागात सगळ्यांसमोर पुन्हा ‘पाठव’ केलं. मशीन पुन्हा ‘झालं’ म्हणालं. अश्विननं खाली जाऊन ‘आण’ केलं आणि जिन्यातून पडक्या आवाजात सांगतलं, “बाईच आहे.”

“पेन ड्राइव्हवर द्या ना,” तो म्हणाला, “झमेला संपवा. ताराचंद येईन.”

“नाही,” मी म्हटलं. “पेन ड्राइव्हनं पुस्तक होईल. पण आई मनात धरून बसतील की पोरानं नाव कापलं. कोणी कापलं ते दाखवल्याशिवाय मी इथून हलत नाही.”

सासूबाई म्हणाल्या, “दीप्ती, सोड ना वं.” मी सोडत नाही. एकदा धरलं की मी सोडत नाही, हे मान्य आहे.

मी दीक्षाच्या खुर्चीवर बसली आणि ‘पाठव’ उघडलं. आत काही मोठं नव्हतं. फाईल घे आणि ‘आई’च्या कपाटात ठेव, एवढंच होतं, इंग्रजी अक्षरांत.

“भाऊजी, ही आई कोण?”

“आई म्हणजे आई, वहिनी. सर्व्हर. आईच्या खिडकीखाली आहे तो. मी त्याले आईच म्हणतो, दादाही आईच म्हणते, तुम्हीही आईच म्हणता.”

“तुम्ही म्हणता. या मशीनले विचारलं काय?”

मशीनले विचारायची सोय असते. पिंग म्हणून हुकूम आहे, नाव द्यायचं, ते त्या नावाले आवाज देते आणि तिकडून ओ आली की पत्ता दाखवते. मी ‘पिंग आई’ टाइप केलं. ओ आली. पत्त्याच्या शेवटी बारा. मी उठून माझ्या खुर्चीवर गेली, तेच टाइप केलं. ओ आली. शेवटी पन्नास. जिना उतरून अश्विनच्या मशीनवर गेली, तिथंही पन्नास. परत वर आली. धाप लागली होती, पण थांबायची कोणाले फुरसत होती!

“बारा कोण आहे?”

मग दीक्षा हळूच म्हणाली, “आई, बारा तू आहेस.”

मी तिची होस्ट्स फाईल उघडली. पन्नासच्या समोर ‘आजी’. बाराच्या समोर ‘आई’. मग ‘बाबा’, मग ‘काका’. पोरीचं काय चुकलं? तिनं आपल्या खुर्चीवरून जसं दिसलं तसं लिहिलं. मी तिची आई आहे, त्यात खोटं काय? अंकुशचा हुकूम अंकुशच्या खुर्चीवरून लिहिलेला, त्याची आई वेगळी. तोच हुकूम दीक्षाच्या मशीनवर आला आणि तिथल्या आईकडं गेला. कपाट सगळीकडं सारखं, म्हणून मशीननंही तक्रार केली नाही.

मी माझ्या मशीनचं ‘फायनल’ कपाट उघडलं. पुस्तक तिथंच होतं. कालपासून. आपल्या सगळ्या कांतांना घेऊन निवांत बसलेलं. ज्या मशीनसमोर उभं राहून मी अख्ख्या घराले झापून राहिली होती, त्याच्याच पोटात!

पहिले दीक्षा हसली. मग अंकुश कपाळावर हात मारून खालीच बसला. मले हसायचं नव्हतं, पण तोंड ऐकेना.

सासूबाई अडकित्ता हातात धरून आमच्याकडं पाहत होत्या. “मंग? कोणी नाही कापलं?”

“कोणीच नाही, आई. सगळ्यांनी आईलेच पाठवलं. आई जागोजागी वेगळी निघाली.”

अश्विन त्यांच्या पायाशी जाऊन बसला. “आई, तुह्यं नाव मी कापीन काय?”

त्यांनी त्याच्या डोक्यात एक टपली मारली आणि मग तोच हात बराच वेळ त्याच्या केसांत राहू दिला.

मग अंकुशनं सगळ्यांच्याच होस्ट्स फायली उघडल्या आणि दीक्षा मोठ्यानं वाचायले लागली. माझ्या मशीनवर अश्विनचं नाव ‘अहो’. सगळे हसले. अंकुशच्या मशीनवर माझं नाव ‘वहिनी’. ठीक. अश्विनच्या मशीनवर बाराच्या समोर लिहिलं होतं ‘ठाणेदार’.

“हे काय आहे?” मी विचारलं.

अश्विन उठून जिन्याच्या दोन पायऱ्या खाली जाऊन उभा राहिला. “प्रेमानं लिहिलं.”

सासूबाई हसून हसून वाकल्या, डोळ्यांतून पाणी आलं. “आणि खाली, त्याहिच्या मशीनवर मले काय म्हणतात?”

‘त्याहि’ म्हणजे माझे सासरे; खाली त्यांचंही एक कॉम्प्युटरचं मशीन आहे. छापायच्या आधी ते हुकमाशिवाय, सर्व्हरचं नाव स्वतः टाइप करून, त्याच्यावर एकदा पान पाहून घेतात. अंकुश गालातल्या गालात म्हणाला, “बाबांनी मले सांगून लिहून घेतलं. ‘अश्विनचीमाय’. एका शब्दात.”

“आता ऐका,” मी म्हटलं. “या सगळ्या फायली पुसायच्या. एकच फाईल लिहायची, सगळ्या मशीनवर तीच टाकायची. नाव असं पाहिजे की कोणत्याही खुर्चीवरून तेच राहील.”

“तसं नातं कुठून आणू, वहिनी? एकाची आई दुसऱ्याची आजी.”

“नातं नाहीच पाहिजे,” दीक्षा म्हणाली. “ज्याचं जे नाव आहे ते लिहा ना काका. अश्विन, अंकुश, दीप्ती, दीक्षा, देवराव.”

“आणि सर्व्हरले?”

अश्विन जिन्यातून म्हणाला, “आईचं नाव? नुसतं? मागं बाई बी नाही लावायचं? रोज ओरडायचं, कांतावर टाक, कांतावरून आण? कसं वाटन ते!”

“आईंले विचारा कसं वाटन,” मी म्हटलं.

सासूबाईंनी पानाचा डबा सर्व्हरवरून उचलला. अंकुश आश्चर्यानं पाहतच राहिला. “याच्यावर माहं नाव टाकान?”

“टाकू काय?”

“नुसतं कांता?”

“नुसतं कांता.”

“मंग जो बी मशीनवर बसन त्याले कांताच म्हणावं लागन? अश्विनले बी?”

“हाव.”

“दीक्षाले बी?”

“हाव आजी.”

त्यांनी जिन्याकडं पाहिलं आणि आवाज बारीक केला. “आणि खाली... त्याहिले बी?”

“त्यांले तर सगळ्यात पहिले,” मी म्हटलं.

सासूबाईंनी पदर तोंडाले लावला. खांदे हलून राहिले होते. “मंग लिही ना वं. पाहत काय बसली? लवकर लिही.”

अंकुशनं एक फाईल लिहिली, दीक्षानं शुद्धलेखन तपासलं, मी तपासणाऱ्याले तपासलं, आणि ती सगळ्या मशीनवर उतरवली. दोन्ही हुकमांत ‘आई’ खोडून ‘कांता’ घातलं. मग प्रत्येक खुर्चीवरून आवाज देऊन पाहिला. दीक्षाच्या मशीनवरून पन्नास, माझ्यावरून पन्नास, खालून अश्विन ओरडला, “पन्नास!” दीक्षानं ‘पाठव’ केलं. या वेळी अश्विननं आणलं तेव्हा जिन्यातून आवाज आला, “कांता म्हणे! कांता म्हणे! सगळीकडं कांता म्हणे!” तो असा नाचत होता की कोणी पाहिलं असतं तर मले लाज वाटली असती. मी वरून टाळ्या वाजवत होती, ते सोडा.

प्लेट लावायच्या आधी सासऱ्यांले त्यांच्या मशीनवर पान पाहायचं होतं. ते त्यांच्या नेमानं बसले, चष्मा लावला, एका बोटानं सर्व्हरचं जुनं नाव टाइप केलं आणि थांबले.

“अंकुश,” खालून आवाज आला, “हे मशीन अश्विनच्या मायले ओळखत नाही म्हणते.”

“ते नाव आता नाही बाबा! नवीन टाका!”

“नवीन कोणतं?”

अंकुश तोंड उघडणार होता, मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. अश्विनले डोळ्यानं दटावलं. सासूबाई सुपारी सोडून कान देऊन बसल्या होत्या.

“तुम्हाले माहीत आहे बाबा!” मी सांगतलं.

छपाईचं मशीन बंद होतं, समोरच्या पापडवाल्याचं लाटणंही ऐकू येत होतं. खुर्ची करकरली. सासरे जिन्याच्या तोंडाशी आले, हाताले शाई, चष्मा कपाळावर.

“ते... ते वरचं चालू आहे काय?”

“कोण?” आम्ही सगळे एकदम.

“अरे, तो डबा.”

“कोणता डबा?”

त्यांनी आमच्याकडं पाहिलं, सासूबाईंच्या खिडकीकडं पाहिलं, शाईचा हात धोतराले पुसला. घसा खाकरला.

“कांता,” ते म्हणाले. मग जरा जोरानं, “कांता हाये काय वर?”

सासूबाई उठल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी कुरकुरतात, पण तेव्हा एका झटक्यात उठल्या, कठड्याले धरून उभ्या राहिल्या.

“हाये ना! बोला!”

सासऱ्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यावर घेतला. “तुह्या गाण्याची प्लेट निघून राहिली,” ते म्हणाले. “ये ना खाली, पाह्य.”

“पहिले अजून एक खेप म्हणा.”

“काय?”

“तेच, जे आता म्हटलं.”

त्यांनी म्हटलं. सासूबाई खाली उतरल्या. छापलेला नवा कागद आला, अजून ओला, बोट ठेवता येत नव्हतं. त्यांनी बोट वरच्यावर धरून शेवटची ओळ वाचली आणि पुन्हा वाचली. मग सासऱ्यांनी मशीन सुरू केलं आणि धडधडीत कोणाचंच काही ऐकू येईनासं झालं. मी रडून राहिली होती ते बरं झालं, कोणाले ऐकू गेलं नाही.

संध्याकाळी ताराचंद आला. पापडवाल्यानं दुकान आत ओढलं, टेम्पो दाराशी लागला. ताराचंद कपाळाचा घाम पुसत गठ्ठ्यांवर नाव टाकायले खडू काढून उभा राहिला. त्याच्याकडं इतक्या लोकांचा माल असते की नाव टाकल्याशिवाय तो काही उचलत नाही.

“कोणाचं आहे जी हे?” त्यानं विचारलं.

मी तोंड उघडलं, पण माझा नंबरच लागला नाही. चालू मशीनच्या धडधडीवर आवाज चढवून, दोन्ही हात तोंडापाशी धरून आमचे सासरे ओरडले, “कांताचं!”

मी मोठ्यानं बोलते हे तुम्हाले सुरुवातीलेच सांगतलं. पण त्या दिवशी त्या गल्लीत सगळ्यात मोठ्यानं सासरे बोलले, आणि लाटणं हातात घेऊन पापडवाला कांता कोण आहे ते पाहायले बाहेर आला. सासूबाईंनी पदर नीट केला आणि त्याले म्हटलं, “मी.”